घरच्या संगणकाचा मदरबोर्ड

घरातील एखादे यंत्र बंद पडले, म्हणजे तत्काळ दोन पक्ष उभे राहतात. एकाचे म्हणणे, 'जुने झाले, नवे आणा'. दुसऱ्याचे म्हणणे, 'इतकी वर्षे चालले आहे, थोड्या खर्चात पुन्हा चालेल.' दोन्ही म्हणण्यांत तथ्य असते. मात्र यंत्र उघडून कोणीच पाहिलेले नसते. घरगुती संगणकाच्या बाबतीत हा वाद पुष्कळदा मदरबोर्ड या एका भागावर येऊन ठेपतो.

मदरबोर्ड म्हणजे पेटीतील तो मोठा पट, ज्याच्याशी इतर सर्व भाग जोडलेले असतात. गणित करणारा प्रोसेसर, तात्पुरते स्मरण ठेवणारी रॅम, मजकूर साठविणारी डिस्क आणि वीज पुरविणारा संच यांची एकमेकांशी गाठ तोच घालून देतो. म्हणून तो बदलणे हे दिवा बदलण्याइतके सोपे नाही. त्याची निवड करताना घरात आधीपासून असलेल्या प्रत्येक भागाचा विचार घ्यावा लागतो.

उदाहरणादाखल इंदूरच्या एका निवृत्त शिक्षिकेचा संगणक घ्यावा. तो २०१४ सालचा. माहेरच्या चार पिढ्यांची वंशावळ आणि वडिलांच्या पत्रांच्या नकला बाईंनी त्यावर टंकून ठेवलेल्या. एके दिवशी बटण दाबूनही पडद्यावर काही उमटेना. सुट्टीत आलेल्या भाच्याकडे काम सोपविताना मावशींनी एवढेच विचारले, 'माझे लिहिलेले गेले का रे?'

या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी द्यावयास हवे. लिहिलेला मजकूर मदरबोर्डवर नसतो. तो डिस्कवर असतो. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि सर्व मजकुराची नक्कल करून घ्यावी. डिस्कला विंडोजचे सांकेतिक कुलूप असेल, तर बोर्ड बदलल्यावर ४८ अंकी किल्ली मागितली जाते. तीही शोधून ठेवावी. युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेला मराठी मजकूर त्या फाँटवाचून केवळ चिन्हांचा पसारा दिसतो. तेव्हा तो फाँटही जपावा.

त्यानंतर निदान. मदरबोर्ड खरोखरच गेला आहे काय? नाहीतर रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे व्हावयाचे. रॅमची पट्टी काढून, तिची टोके पुसून पुन्हा बसविली, की कित्येक संगणक जागे होतात. वीजपुरवठ्याचा संच दुसरा लावून पाहावा. बोर्डावरील ३ व्होल्टची, नाण्याएवढी बॅटरी संपली, तर घड्याळ मागे पडते. ती थोडक्या पैशांत मिळते. मात्र बोर्डावरील डबीसारख्या कपॅसिटरांचे माथे फुगलेले दिसले आणि वरील उपाय निष्फळ ठरले, तर संशय बोर्डावर घेण्यास आधार मिळतो.

आता निवड. मावशींचा प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीतला. त्याला ११५० टोकांची बैठक लागते. दुसरी चालत नाही. बैठकीचा आकडा जुळला म्हणजे सर्व जुळले, असेही नव्हे. २०१५ साली आलेल्या आणि २०१७ साली आलेल्या बोर्डांच्या बैठका दोन्ही ११५१ टोकांच्या. तरी आठव्या पिढीचा प्रोसेसर २०१५ च्या बोर्डावर चालत नाही. म्हणून बोर्ड बनविणाऱ्या कंपनीने दिलेली प्रोसेसरांची यादीच प्रमाण मानावी. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या पट्ट्या दिसावयास सारख्या, परंतु त्यांच्या खाचा निराळ्या जागी असल्याने एक दुसरीच्या जागी बसत नाही. आकाराचेही तसेच. एटीएक्स बोर्ड ३०५ मिलिमीटर लांब व २४४ रुंद, तर मायक्रो एटीएक्स जास्तीत जास्त २४४ मिलिमीटर चौरस. लहान बोर्ड मोठ्या पेटीत सहसा बसतो. मोठा मात्र लहान पेटीत जात नाही. काही कंपन्यांच्या तयार संगणकांत तर बोर्डाची घडण आणि विजेची जोडणी त्यांची स्वतःचीच असते. तेथे बाजारातील बोर्ड निरुपयोगी ठरतो.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट, कोठेही गेले तरी दुकानदाराला आधी जुन्या भागांची नावे सांगावी. जुन्या जातीचा बोर्ड बहुधा वापरलेलाच मिळतो. तो घेताना पावती आणि हमी लेखी घ्यावी, आणि प्रत्येक जोडणी चालवून पाहावी.

परंतु जुना बोर्ड घ्यावाच का? विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ साठी अधिकृतपणे इंटेलची आठवी वा त्यापुढची पिढी लागते. नवा बोर्ड घेतला, तर प्रोसेसर आणि रॅमही नवी घ्यावी लागते. म्हणजे एका वस्तूच्या शोधात निघालेल्या गृहस्थाने तीन वस्तू घेऊन यावयाचे.

येथे हिशेब यंत्राचा राहत नाही, माणसाचा होतो. भाच्याचे मन खेळांसाठी केलेल्या, रंगीत दिव्यांच्या बोर्डावर गेले होते. तो उत्तम होता, पण मावशींच्या कामाचा नव्हता. जो निवडतो तो निराळा आणि जो वापरतो तो निराळा, हीच या खरेदीतील खरी अडचण. संगणकावर बँकेचे व्यवहार करावयाचे असतील, तर सुरक्षा-दुरुस्त्या मिळणारी नवी जुळणी योग्य. नुसते लिहावयाचे असेल आणि इंटरनेट जोडावयाचे नसेल, तर जुना बोर्डही पुष्कळ दिवस सोबत करील. मावशींना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, 'बँकेत मी पायी जाते. मला माझे टंकलेखन तेवढे हवे.' एका वाक्यात निवड झाली.

जुना बोर्ड मात्र भंगारात फेकू नये. त्यात शिशासारखे विषारी धातू असू शकतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनुसार पुनर्वापर करणारे नोंदणीकृत असावे लागतात. जुना बोर्ड त्यांच्यापर्यंत पोहोचेल अशा संकलन केंद्रात द्यावा. नव्याची निवड जितक्या काळजीने करावयाची, तितक्याच काळजीने जुन्याला निरोप द्यावा, हा घरगुती शहाणपणा संगणकालाही लागू आहे.