जपानी वार-तारखा
जपानी वार आपल्याला परके नाहीत, तेही ग्रहांचेच. रविवार निचियोबी, सूर्याचा. सोमवार गेत्सुयोबी, चंद्राचा. शेगावला गर्दी उसळते तो गुरुवार म्हणजे मोकुयोबी. हे ग्रहांचे वार सांगणारा, बौद्ध आचार्य अमोघवज्रांचा ग्रहविद्येचा चिनी ग्रंथ 806 साली कूकाई या भिक्षूने जपानला नेला, केवढा हा प्रवास!

महिने नुसते आकड्यांचे: इचिगात्सु, निगात्सु... एप्रिलचा शिगात्सु, जुलैचा शिचिगात्सु आणि सप्टेंबरचा कुगात्सु तेवढे नीट घोका. खरा कस तारखांचा. एक ते दहाची नावं आपल्या तिथींसारखी वेगळीच: त्सुइताची, फुत्सुका, मिक्का, योक्का... वीस तारीख हात्सुका. अकरापासून पुढे बहुधा आकड्याला निची जोडायचं. आधी महिना, मग तारीख. सिंदखेडराजाची जिजाऊ जयंती, 12 जानेवारी, म्हणजे इचिगात्सु जूनिनिची. म्हणून पाहा बरं, मोठ्यानं.