गवत कापायचे यंत्र अडले तर



दसरा-दिवाळीच्या सुमारास महाड-पोलादपूरकडे दोन कामे एकदम अंगावर येतात. खाचरात भात पिवळे झालेले असते आणि माळावरचे गवतही कापणीला येऊ लागते. घरची कर्ती माणसे मुंबई-पुण्याला; मजूर शोधून मिळत नाही. म्हणून हल्ली कितीतरी वाड्यांत खांद्याला अडकवायचे, पेट्रोलवर चालणारे ग्रासकटर आले आहे. ते चालले तर दिवस सार्थकी लागतो. पण बांधावर बंद पडले, तर खाली मिस्तरीकडे नेण्या-आणण्यात दिवस जातो, आणि तेवढ्यात परतीच्या पावसाची एक सर आली की उभे भात आडवे होते. तेव्हा मिस्तरीकडे धावण्याआधी आपण घरी काय पाहावे, ते आज सांगतो.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात. हवेत नीट मिसळलेले पेट्रोल, त्या मिश्रणावर दाब, आणि नेमक्या वेळी पडणारी ठिणगी. तिहींतली एक चुकली की इंजिन गप्प बसते. म्हणून दोरी ओढून ओढून खांदा दुखवू नका. क्रमाने शोधा.

प्रथम साध्या गोष्टी. बंद करायचे बटण चालूवर आहे ना? टाकीत पेट्रोल आहे ना? थंड इंजिनाला चोक लावला का? कार्बोरेटरजवळचा रबरी फुगा पाच-सहा वेळा दाबला का? इंजिन एकदा फुरफुरले की चोक काढायचा, नाहीतर आत पेट्रोल साचते.

एवढे करूनही सुरू होत नसेल, तर प्लग काढून पाहा. प्लग खरे बोलतो. तो कोरडा असेल, तर पेट्रोल वरपर्यंत येतच नाही. टाकीच्या आत नळीच्या टोकाला एक छोटी गाळणी असते, तीत कचरा बसतो. ती काढून धुवा किंवा बदला. नळीला चीर पडली आहे का, तेही पाहा. प्लग ओला असेल, तर पेट्रोल येते आहे, पण एकतर ते जास्त झाले किंवा ठिणगी नाही. अशा वेळी चोक काढा, बटण बंद ठेवा आणि प्लगाशिवाय आठ-दहा वेळा दोरी ओढा. साचलेले बाहेर पडेल. प्लग पुसा, काजळी ब्रशाने काढा. त्याच्या दोन टोकांतली फट बहुतेक यंत्रांत ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते.

ठिणगी पाहताना मात्र फार सांभाळा. सांडलेले पेट्रोल आधी पुसून वाळू द्या, डबा दूर ठेवा. प्लग त्याच्या टोपीत बसवून त्याचे लोखंडी अंग इंजिनाच्या धातूला टेकवा, पण प्लगाच्या भोकापासून लांब. भोकातून पेट्रोलची वाफ येते. तिथे ठिणगी पडली तर भडका उडेल. सावलीत दोरी ओढा. निळसर ठिणगी दिसली तर प्लग ठीक. नाही दिसली तर नवा प्लग लावून पाहा. तरीही नाही, तर मग ते मिस्तरीचे काम.

काही यंत्रे सुरू होतात, पण पाच-दहा मिनिटांनी बंद पडतात. तेव्हा टाकीचे झाकण थोडे सैल करून पाहा. झाकणाला हवेचे बारीक छिद्र असते. ते बुजले तर पेट्रोल ओढले जात नाही. यंत्राला जोर नसेल, तर हवेची गाळणी पाहा. स्पंजाची असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन पुरती वाळवा. सायलेन्सरच्या जाळीत काजळी धरली असेल, तीही काढा.

आता सर्वांत महत्त्वाचे. टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळे ऑईल नसते. पेट्रोलात मिसळलेल्या ऑईलवरच त्याचे आतले भाग घसरतात. नुसते पेट्रोल घातले तर थोड्या वेळात पिस्टन चिकटतो, आणि दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीशी जाऊन भिडतो. प्रमाण पुस्तिकेत दिलेले असते, तेच धरा. पन्नासाला एक असेल तर एक लिटरला २० मिलिलिटर, पंचवीसाला एक असेल तर ४०. अंदाजाने ओतू नका. औषधाच्या बाटलीचे खुणांचे झाकण घ्या. गुरुजी, बाईंनो, हे गणित मुलांना वर्गात घाला: अर्ध्या लिटरला किती? घरी मापाने ऑईल घालायची सवय त्यातून लागेल. फोर-स्ट्रोक यंत्र असेल तर मात्र पेट्रोल निव्वळ आणि ऑईल वेगळ्या जागी.

आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषून घेते, आणि आपल्याकडची पावसाळी हवा तर पाण्यानेच भरलेली. पाणी वाढले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसते, आणि टाकीतली नळी तळाचेच ओढते. तिथे ऑईल नसते! म्हणून मिश्रण महिन्याभराला पुरेल एवढेच करा. हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा.

२२ जुलै २०२१ च्या पुराने महाडला काय केले, हे आपण विसरलेलो नाही. पुराच्या पाण्यात बुडालेले यंत्र लगेच सुरू करू पाहू नका. आत गाळ गेला असेल तर दोरीही ओढू नका, मिस्तरीलाच द्या. नुसते पाणी असेल तर टाकी रिकामी करा, प्लग काढा, यंत्र उलटे धरून हळूहळू दोरी ओढा. मग भोकात चार थेंब ऑईल घालून पुन्हा ओढा आणि कार्बोरेटर साफ करा. हे त्याच दिवशी करा, कारण गंज वाट पाहत नाही.

शेवटी एक. पात्याला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढायचीच. गरम इंजिनात पेट्रोल भरायचे नाही, विडी पेटवायची नाही. चालवताना डोळ्यांना चष्मा, पायांत बूट, आणि पोरेबाळे निदान १५ मीटर लांब. बिघडलेले यंत्र दुरुस्त होते, गेलेला डोळा परत येत नाही.