गोचिडांविरुद्ध लस

एखादा मनुष्य पिच्छा सोडीनासा झाला म्हणजे 'गोचिडासारखा चिकटला आहे' असें आपण म्हणतों. ही उपमा शहरांतील घराघरांत ठाऊक आहे. प्रत्यक्ष गोचीड पाहिलेलीं माणसें मात्र तेथें थोडींच असतील. आमच्या लहानपणीं संध्याकाळीं गाय दावणीस बांधली कीं तिच्या कानांत, मानेखालच्या घड्यांत व कासेच्या कडेस हात घालून गोचीड वेंचणें हें मुलांचें काम असे. वेंचलेले गोचीड घासलेटाच्या डब्यांत टाकावे, आणि दुसऱ्या दिवशीं पाहावें तों पुन्हां तितकेच! ते कमी कां होत नव्हते, आणि शास्त्रज्ञांनीं त्यावर कोणता उपाय योजला, हें आज सांगावयाचें आहे.

गुरांवरील नेहमींच्या गोचिडाचें आयुष्य मोठें हिशेबी असतें. अंड्यांतून निघालेलें इवलेंसें पोर गवताच्या शेंड्यावर वाट पाहात बसतें व जवळून जाणाऱ्या जनावराच्या अंगास लागतें. त्याच जनावराचें रक्त पिऊन तें सुमारें तीन आठवड्यांत पूर्ण वाढतें. मादी शेवटीं एकदम पुष्कळसें रक्त ओढून एरंडाच्या बीसारखी फुगते, गळून पडते, आणि जमिनीच्या भेगेंत दोन-तीन हजार अंडीं घालून मरते. आम्हीं वेंचीत होतों तो फक्त अंगावरचा भाग. बाकीचें सैन्य कुरणांत दबा धरून असे.

नुसत्या रक्तशोषणावर भागलें असतें तरी एक वेळ चाललें असतें. परंतु अमेरिकेंत थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनीं इ. स. १८९३ मध्यें दाखवून दिलें कीं, तेथील गुरांचा 'टेक्सास ताप' गोचिडामार्फत पसरतो. डांसांच्या पोटांत हिवतापाचे जंतु रॉस यांना सिकंदराबादेस सांपडले, त्याच्या चार वर्षें आधींची ही गोष्ट. आपल्याकडे शेतकरी ज्याला 'गोचीड ताप' म्हणतात, तो थायलेरिया नांवाच्या सूक्ष्म जंतूमुळें होतो, आणि त्याचा वाहक दुसऱ्या जातीचा गोचीड आहे.

या तापाची ओळख आमच्या घराला फार महाग पडली. माझ्या धाकट्या बंधूंनीं कर्ज काढून एक संकरित गाय घेतली होती. एका पावसाळ्यांत तिला ताप भरला, खांद्यापुढील गांठी सुजल्या, दूध आटलें, आणि सहाव्या दिवशीं ती गेली. कर्जाचे हप्ते मात्र पुढें दोन वर्षें चालूं राहिले. त्याच दावणीची देशी गाय, अंगावर थोडेबहुत गोचीड असूनही, स्वस्थ रवंथ करीत होती.

हा फरक दैवाचा नव्हे. आपल्या वशिंडाच्या गुरांच्या पिढ्यान् पिढ्या गोचिडांच्या सहवासांत गेल्या आहेत; त्यांच्या अंगावर गोचीड कमी टिकतात. म्हणूनच गीर, कांकरेज, ओंगोल इत्यादि भारतीय वंशांपासून अमेरिकेंत तयार झालेलीं 'ब्राह्मन' जातीचीं गुरें १९३३ सालीं ऑस्ट्रेलियांत नेण्यांत आलीं. जें कांहीं गुरांना जन्मतः लाभतें, तें इतरांना शिकवितां येईल काय? ट्रेगर यांनीं १९३९ सालीं दाखविलें कीं, एकदां गोचीड चावलेल्या गिनीपिगांवर दुसऱ्या खेपेस गोचीड नीट पोसले जात नाहींत. म्हणजे शरीर शिकतें, एवढें ठरलें.

दरम्यान औषधांचा मार्ग चालूंच होता. सोमलाच्या पाण्यांतून गुरें पोहवीत, पुढें डी.डी.टी. आलें, मागाहून आणखी जालीम औषधें आलीं. प्रत्येक औषधास कांहीं गोचीड पुरून उरले, आणि त्यांचीच प्रजा वाढली.

अखेर ऑस्ट्रेलियांत पीटर विलाडसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निराळी युक्ति काढली. गोचिडाच्या आंतड्याच्या पेशींवर एक प्रथिन असतें. त्याला 'बीएम ८६' असें नांव दिलें आहे. गायीच्या शरीराला तें एरवीं कधींच भेटत नाहीं. तें तयार करून गायीला टोंचलें कीं तिच्या रक्तांत त्याविरुद्ध प्रतिपिंडें उत्पन्न होतात. गोचीड तेंच रक्त पितो, आणि त्याचें आंतडें फुटतें. ज्या रक्तासाठीं तो आला, तेंच त्याला बाधतें! ऑस्ट्रेलियांत १९९४ सालीं 'टिकगार्ड' आणि त्याच सुमारास क्यूबांत 'गावाक' या नांवानें अशा लशी निघाल्या.

पण येथेंच खरी अडचण आली. औषध लावल्यावर गोचीड डोळ्यांदेखत गळतात. लशीनें तसें होत नाहीं. कांहीं मरतात, बाकीच्या माद्या रोडावतात व थोडीं अंडीं घालतात. गुण दिसतो तो पुढच्या पिढ्यांत, कुरणांत. शिवाय नैसर्गिक चाव्यानें ही प्रतिकारशक्ति ताजी होत नसल्यामुळें लस पुन्हां पुन्हां टोंचावी लागते. ऑस्ट्रेलियाच्या बाजारांत ती टिकली नाहीं. क्यूबांत मात्र लशीला औषधाची जोड देऊन कळपच्या कळप हातीं घेतले, तेव्हां औषधाचा खर्च बराच उतरला. आपल्या देशांत गोचिडांच्या अनेक जाती असल्यानें काम अधिक अवघड आहे. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेंत त्यावर संशोधन झालें आहे, परंतु अशी लस अद्याप सामान्य गोठ्यांपर्यंत पोहोंचलेली नाहीं.

गोचीड तापाविरुद्ध, म्हणजे त्या जंतूविरुद्ध, एक लस आपल्या देशांत तयार होते. ती द्रवरूप नायट्रोजनच्या अतिशीत भांड्यांत ठेवावी लागते. तिची माहिती आमच्या बंधूंना मिळाली ती गाय गेल्यावर!

श्रोतेहो, ज्याचें फळ पुढच्या हंगामांत आणि कदाचित् शेजाऱ्याच्या कुरणांत दिसावयाचें, त्यासाठीं एकट्या शेतकऱ्यानें पदरचे पैसे खर्चावे ही अपेक्षा व्यर्थ आहे. देवीची लस आपण दुकानदारावर सोंपविली नव्हती. गांवोगांव जाऊन टोंचली, म्हणून देवी गेल्या. ही लसही तशीच सार्वजनिक कार्य म्हणून चालविली पाहिजे. आपल्या सकाळच्या चहांत जें दूध पडतें, त्याच्या मागें कोणाची तरी कर्जाची गाय उभी असते, एवढें शहरांतील माणसांनीं ध्यानांत ठेवलें तरी या कामास पाठिंबा मिळेल.