सेवेचे दुसरे पाऊल
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



परदेशी जाऊन दिव्यांग बालकांची सेवा करावी, अशी इच्छा घाटकोपर-मुलुंडमधील आपली तरुण मंडळी व्यक्त करतात, याचा मनस्वी आनंद वाटतो.

१९६९ साली एका अपघातात देवेंद्रराज मेहता यांचा पाय मोडला. त्या वेदनेच्या अनुभवातून १९७५ मध्ये जयपूरला भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली. अनवाणी चालता येईल, मांडी घालून बसता येईल असा ‘जयपूर फूट’ विनामूल्य देत तिची शिबिरे अफगाणिस्तानासह अनेक देशांत पोहोचली.

परंतु मूल वाढते, कृत्रिम पाय वाढत नाही. वर्ष-दोन वर्षांत तो आखूड पडतो. तेव्हा शिबिर उठून गेलेले असते. त्यातून ती मुलगी असेल, तर तिच्याच खर्चाला प्रथम कात्री लागते, हे आपण आपल्या आसपासही पाहिले आहे.

म्हणून माझी नम्र विनंती : स्थानिक कारागीर तयार करणाऱ्या, पुन्हा येण्याचा शब्द पाळणाऱ्या संस्थेबरोबरच जा. ट्रस्टनेही विमानभाड्याइतकीच तरतूद त्या बालकाच्या दुसऱ्या पायासाठी करावी. जीवदयेचे व्रत आपण एका शिबिरापुरते घेत नाही.

जय जिनेंद्र!