दिवसाच्या हिशेबातील जमेची बाजू



महोत्सवाच्या प्रसंगी गतकाळातील उपकारांचे स्मरण करण्याची चाल आहे, आणि ती योग्यच होय. ज्यांनी देऊळ उभारले, ज्यांनी शाळा चालविली, ज्यांनी रात्री-अपरात्री आजाऱ्यांच्या उशाशी प्रार्थना केली, त्या सर्वांचे आभार या मंडपात मानले गेले. अशा मोठ्या आभारांस नेमलेला दिवस असतो, व्यासपीठ असते, हारही असतात. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते लहान आभारांविषयी. ते रोजचे असतात आणि म्हणूनच राहून जातात.

आपल्या लोकांस कृतज्ञता ठाऊक नाही असे मात्र कोणी म्हणू नये. मुंबई व साष्टीच्या गावठाणांतील ख्रिस्ती लोक ऑक्टोबर महिन्याच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा करतात. भाताच्या पहिल्या लोंब्या देवळात नेऊन त्यांवर आशीर्वाद मागितला जातो. पुष्कळ गावांची शेते इमारतींखाली गेली, तरी सण टिकून आहे, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु आगेरा वर्षातून एकदा येतो आणि कुरकुर मात्र रोज चालते. आमटीत मीठ कमी पडले की ताटावरून लगेच आवाज उठतो. मीठ नेमके पडले त्या शेकडो दिवसांविषयी कोणी तोंड उघडीत नाही.

रोजच्या आभारांचा पाठ ज्यांनी नेमून दिला त्यांत संत इग्नेशिअस लोयोला यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. इ. स. 1521 मध्ये पांप्लोना येथील लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि लोयोला येथील घरी ते दीर्घकाळ अंथरुणास खिळून राहिले. पडल्या पडल्या ते स्वतःच्या मनाकडे पाहू लागले. पराक्रमाचे आणि मानमरातबाचे विचार येताना गोड वाटत, पण ओसरले की मन कोरडे पडे. संतांच्या मार्गाने जाण्याचे विचार ओसरल्यावरही मन प्रसन्न राही. मनावर अशी नजर ठेवण्याच्या सवयीतून पुढे त्यांचा ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ सिद्ध झाला व 1548 साली पोप तिसरे पॉल यांनी त्यास मान्यता दिली. त्यात विवेकपरीक्षणाच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. पापे आठवणे, क्षमा मागणे, पुढील निश्चय करणे, हे सारे त्यांत आहेच. पण पहिली पायरी निराळी आहे. मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार मानावेत, ही ती पहिली पायरी.

हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आपणांपैकी बहुतेकांस विवेकपरीक्षण म्हटले की केवळ खर्चाची बाजू दिसते. काय चुकले, कोठे घसरलो, एवढेच. जमेची बाजू न लिहिता केलेला हिशेब मनुष्यास एक तर निराश करतो, नाही तर ढोंगी करतो. संत इग्नेशिअस यांनी 1542 साली पोर्तुगालमधील आपले सहकारी सिमोन रॉद्रिगेस यांस लिहिलेल्या पत्रात कृतघ्नतेस सर्व पापांचे मूळ म्हटले आहे. कारण मिळालेले चांगले तिला ओळखताच येत नाही.

आता अलीकडच्या शोधकांकडे वळू. अमेरिकेतील एमन्स व मॅक्‌कलो या मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकात काही विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, आभार मानण्याजोग्या पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या गटाने त्रासाच्या गोष्टी लिहिल्या. पहिल्या गटास आपले जीवन अधिक समाधानाचे व पुढचा आठवडा अधिक आशेचा वाटला. सेलिग्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांनी एक आठवडा रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहिल्या आणि त्या का घडल्या हेही लिहिले. नंतरच्या अनेक पाहण्या एकत्र तपासल्या असता लाभ बेताचाच दिसतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ज्याच्या मनास खरोखरीचा आजार जडला आहे, त्यास डॉक्टरकडे न्यावे. वही देऊन बसवू नये.

त्या प्रयोगातील ‘का घडले’ हा प्रश्न मात्र आम्हांस फार मोलाचा वाटतो. ‘देवाने सर्व काही दिले’ असे मोघम म्हणून मोकळे होणे सोपे असते. आज नळास पाणी आले तेव्हा आम्ही घरी नव्हतो, पण जाऊबाईंनी आमचेही हंडे भरून ठेवले, असे म्हटले की आभारास चेहरा मिळतो. मग उद्या त्या बाईस दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोगी आठवा. बरे दहाही झाले. परंतु जो मागे फिरून आला तो एकच, आणि तोही परका, शोमरोनी. घरच्या माणसांस उपकार हा हक्क वाटू लागतो, असे तर संत लूक यांस सुचवावयाचे नसेल?

येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे, कारण या उपदेशाचा दुरुपयोग आम्ही पाहिला आहे. ज्या घरातून नुकतीच तरण्या मुलाची शवपेटी निघाली, त्या घरी जाऊन ‘आभार मानीत जा’ असे सांगणे क्रूरपणाचे आहे. संत पौलाने थेस्सलनीकाकरांस सर्व स्थितीत आभार माना असे लिहिले. तेथे सर्व गोष्टींबद्दल माना, असे लिहिले नाही. स्तोत्रसंहितेत आक्रोशाची स्तोत्रे थोडी नाहीत, आणि तीही प्रार्थनाच होत. तसेच, ज्याने मजुरी थकविली आहे त्याने मजुरास संतोषाचे व्याख्यान देऊ नये. पहाटेपासून राबणाऱ्या सुनेस ‘खायला-प्यायला मिळते ना?’ असे म्हणणाऱ्यांनीही आधी स्वतःच्या मुखातून आभाराचा एक शब्द काढून पाहावा. कृतज्ञता ही ज्याची त्याने स्वतःकडून मागावयाची वस्तू आहे. दुसऱ्याकडून वसूल करावयाचा तो कर नव्हे.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. सायंकाळी जपमाळ झाल्यावर घरातील प्रत्येकाने आजची एक गोष्ट सांगावी व ती कोणाच्या हातून आली तेही सांगावे. आरंभ सर्वांत लहान मुलाने करावा, कारण वडिलांनी आरंभ केला की मुले त्यांचेच शब्द गिरवितात. मुलगा म्हणाला की आज वर्गात मित्राने पेन्सिल दिली, तर हसू नये. आजीबाई रोज तीच गोष्ट सांगत असतील, तर रोज ऐकावी. एखाद्या दिवशी कोणास काहीच सांगावेसे वाटले नाही, तर त्याने गप्प बसावे. कारण विचारू नये, पुढच्याने बोलावे. ताटे वाढून ठेवली असली तरी जेवण निवणार नाही, इतकाच वेळ याला लागतो.