स्वरांची बोली

(सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दुकाने, कार्यालये व कारखाने यांतील कर्मचाऱ्यांनी आपापली संगीतपथके घेऊन स्पर्धेत उतरावे आणि त्यातून जमलेला निधी गरजूंच्या कामी यावा, हा आजचा विषय आहे. वरवर पाहता तो करमणुकीचा वाटेल. परंतु दानाचा अधिकार कोणाला, हा गंभीर प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

मंदिरात आरतीची, पूजेची, ध्वजेची बोली होते. ज्याची ऐपत तो लाभ घेतो. ही परंपरा मोलाची आहे. तिच्याच बळावर जीर्णोद्धार झाले. तथापि मागच्या रांगेत बसलेला पगारदार साधर्मिक मात्र आयुष्यभर अनुमोदनाच करीत राहतो. करणे, करविणे आणि अनुमोदणे ही तिन्ही पुण्याची द्वारे खरी. पण त्यातले पहिले द्वार त्याला कायमचे बंद असावे काय?

शास्त्रकथा वेगळे सांगतात. पुणिया श्रावक कापसाचे पेळू करून चरितार्थ चालवी. पती-पत्नी आळीपाळीने उपवास करीत आणि वाचलेल्या अन्नातून रोज एका साधर्मिकाला जेवू घालीत. त्याच्या एका सामायिकाचे मोल राजा श्रेणिकालाही भरता आले नाही. अष्टापदावर रावण वीणा वाजवीत होता आणि मंदोदरी नृत्य करीत होती. तार तुटली, तेव्हा भक्तीत खंड पडू नये म्हणून रावणाने स्वतःच्या देहातील स्नायू वीणेला जोडला. त्या क्षणी त्याच्या हाती राज्य होते. पण कामी आला तो देह आणि स्वर. धनावाचूनही दान होते, ते असे.

श्रमिकांच्या संगीतस्पर्धा ही नवी गोष्ट नव्हे. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरातील ब्लॅक डाइक या लोकरी कापडाच्या गिरणीचा बँड 1855 पासून प्रसिद्ध आहे. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू उद्यानात 1853 मध्ये पितळी वाद्यांच्या पथकांची स्पर्धा भरली आणि पुढे गिरण्या-खाणींतील कामगारांच्या बँडमध्ये अशी चुरस रूढ झाली. 1900 मध्ये लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये अशी पथके एकत्र आली, ती युद्धावर गेलेल्या सैनिकांच्या कुटुंबांसाठी निधी जमविण्याकरिता.

आपल्या राज्यात 1953 च्या कायद्याने कामगार कल्याण निधी निर्माण झाला. कामगारांकडून वसूल झालेला दंड आणि तीन वर्षे कोणी न नेलेले वेतन या निधीत जमा होते, हे व्यापाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. शिक्षेचा पैसा कल्याणाकडे वळतो. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या भजन स्पर्धांत दिवसभर यंत्रावर राबणारे हात पेटी, मृदंग आणि टाळ घेऊन बसतात. विदर्भात तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने गावोगावी भजनाची गोडी लावली. 1877 मध्ये सुरू झालेली नागपूरची एम्प्रेस मिल 2002 मध्ये बंद पडली. परंतु श्रमिकांचा स्वर बंद पडला नाही.

आता रामदासपेठेकडे पाहू. येथील आणि शेजारच्या धंतोलीतील रुग्णालयांत विदर्भ व मध्य प्रदेशातून रुग्ण येतात. त्यांच्या नातेवाइकांना दोन वेळचे अन्न आणि महागडी औषधे मिळविणे कठीण जाते. आहारदान आणि औषधदान यांचे क्षेत्र आपल्या दाराशीच आहे. इतवारी, गांधीबाग, सीताबर्डी येथील दुकानांतले कर्मचारी या कार्यासाठी भक्तिगीते घेऊन मंचावर आले आणि शेठजी तिकीट काढून समोर बसले, तर एका सायंकाळपुरती का होईना, देणाऱ्याची जागा बदलेल.

मात्र काही पथ्ये पाळावी लागतील. सरावाला दुकानाच्या वेळेतूनच वेळ द्यावा. अन्यथा श्रम कर्मचाऱ्याचे आणि मान मालकाचा, असे होईल. भाग घेण्याची सक्ती नसावी. मंडप, ध्वनिक्षेपक आणि पारितोषिके यांचा खर्च वेगळ्या दात्यांनी उचलावा व तिकिटाचा प्रत्येक रुपया रुग्णसेवेत जावा. हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जाईल तेव्हा जाईल. आठ दिवसांत तो सूचना फलकावर लागावा. कार्यक्रम दुपारी ठेवून अल्पोपाहार सूर्यास्तापूर्वी आटोपावा. निधी पहिल्या पथकाच्या नावाने नव्हे, तर सर्व पथकांच्या नावाने अर्पण व्हावा.

कारण स्पर्धेत मानकषायाचा धोका आहेच. पण तो बोलीतही आहे. जिंकणाऱ्याचे आणि हरणाऱ्याचे गाणे एकाच रुग्णाच्या ताटात अन्न होऊन पडते, हे स्मरणात राहिले तर हार कोणाचीच होत नाही. पन्नास वर्षे या ट्रस्टने दात्यांच्या नावांच्या पाट्या लावल्या. एक्कावन्नाव्या वर्षी ज्यांचे नाव कोणत्याही पाटीवर नाही, त्यांना देण्याची संधी मिळावी, हीच या प्रसंगी विनंती.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!