भिंतीतील तार



घर बांधताना वीज आणि पाणी कोठून न्यावयाचे याचा विचार आपण आरंभीच करतो. संगणकाच्या तारेची आठवण मात्र बहुधा भिंतींना रंग लागल्यावर होते. मग भिंत फोडणे जिवावर येते आणि तार दाराच्या फटीतून लोंबत राहते. बिनतारी यंत्रे असताना तार हवीच कशाला, असे कोणी विचारील. परंतु विटांच्या व काँक्रीटच्या भिंतींतून जाताना बिनतारी लहरी क्षीण होतात. शिवाय त्या प्रसारित करणाऱ्या यंत्रापर्यंत तार न्यावी लागतेच.

प्रथम या तारेची रचना पाहू. आवरणाखाली आठ तारा असतात आणि त्या दोन-दोन मिळून चार जोड्यांत पिळलेल्या असतात. हा पीळ केवळ बांधणीसाठी नव्हे. बाहेरचा विद्युत् उपद्रव जोडीतील दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो. संदेश घेणारे यंत्र दोहोंमधील फरक तेवढा वाचते, आणि त्यामुळे उपद्रव वजा होतो. ही युक्ती टेलिफोनच्या काळातील आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली तिचे पेटंट घेतले होते.

बाजारात या केबली ‘कॅट’ या श्रेणीने ओळखल्या जातात. कॅट ५ई १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट माहिती वाहून नेते. कॅट ६ सुमारे ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटचा वेग पेलते, तर कॅट ६ए तोच वेग १०० मीटरपर्यंत टिकवते. सामान्य घरात एवढे अंतर क्वचितच भरते. म्हणून नव्या घरासाठी कॅट ६ पुरेशी आहे. कॅट ६ए जाड व ताठ असल्याने अरुंद पाइपमधून वळविणे कठीण जाते. जुनी कॅट ५ई सुस्थितीत असेल तर ती उपटून टाकू नये. २०१६ साली मान्य झालेल्या प्रमाणानुसार तिच्यावरून २.५ गिगाबिटचा वेगही मिळू शकतो.

श्रेणीच्या अंकापेक्षा धातूकडे अधिक लक्ष द्यावे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते आणि वरून तांब्यासारखीच दिसते. परंतु ॲल्युमिनियमची विद्युत्‌वाहकता तांब्याच्या सुमारे ६० टक्के असते. अशी तार वाकविताना लवकर तुटते, आणि याच केबलमधून कॅमेऱ्याला वीज पुरविल्यास अधिक तापते. तारेचे टोक चाकूने खरवडून पाहावे. आत पांढरा धातू दिसल्यास ती केबल घेऊ नये.

ही केबल विजेच्या तारांच्या पाइपमध्ये कधीही घालू नये. तिला स्वतंत्र पाइप द्यावा आणि तो विजेच्या पाइपपासून दूर ठेवावा. दोहोंची गाठ टळत नसेल तर ते काटकोनात ओलांडावेत. प्रत्येक खोलीत दोन केबली न्याव्यात, त्या सर्व एका पेटीत एकत्र आणाव्यात, आणि पाइपमध्ये एक दोरी ओवून ठेवावी. उद्या नवी केबल घालावयाची झाल्यास ती याच दोरीने ओढून घेता येईल.

पैसे मोजकेच असतील तर ते शुद्ध तांबे आणि ऐसपैस पाइप यांवर खर्च करावेत. यंत्रे पुढे केव्हाही बदलता येतात. आणि गिलावा होण्यापूर्वी प्रत्येक केबलची दोन्ही टोके तपासून घ्यावीत, एवढीच माझी विनंती आहे.